हडपसरची लढाई : संगणकावरच्या सूच्यांत अस्सल कागद कसे शोधावेत

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की फातिमानगर, रामटेकडी आणि मग हडपसर येते. उड्डाणपूल, मगरपट्ट्याच्या इमारती, भाजीबाजार आणि कालवा एवढे सगळे ओलांडून जाताना येथे कधी मोकळा माळ होता हे सांगूनही खरे वाटत नाही. पण घोरपडी, वानवडी आणि हडपसर यांच्या मधल्या याच पट्ट्यात सोमवार, दि. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांच्या फौजेने दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून सिंहगडाकडे व तेथून कोकणात गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईस इंग्रजांशी तह केला. हा तह पाठ्यपुस्तकात असतो. ज्या लढाईमुळे तो करण्याची वेळ आली, तिला मात्र फार तर एक ओळ मिळते.

समजा, हडपसरमधल्या एखाद्या शाळेच्या नववीच्या वर्गाने या एका ओळीमागचे कागद पाहायचे ठरवले. पूर्वी याचे उत्तर सोपे आणि निराश करणारे होते : कोणातरी इतिहाससंशोधकाकडे जा, ओळखपत्र मिळवा, मोडी शिका. आता देशोदेशींची ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांनी आपल्या सूच्या, आणि पुष्कळ ठिकाणी कागदांची छायाचित्रेही, संगणकावर मोकळी केली आहेत. एक दूरध्वनी संच हाती असला तरी त्या पाहता येतात. अडचण वेगळीच आहे. खिडकीत 'हडपसर लढाई' असे दोन शब्द टाकले की पहिल्या पन्नास ठिकाणी एकमेकांवरून उतरवलेला तोच मजकूर मिळतो आणि मुलांना वाटते, संशोधन झाले.

ते का झालेले नसते आणि करायचे तर कसे, हे या एका लढाईच्या निमित्ताने पाहू या.

साधन कशाला म्हणायचे

मराठी इतिहासलेखनात याबद्दलची समज जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हापासून 'अस्सल' हा शब्द आपल्याकडे रुळला. ज्याने घटना पाहिली किंवा जो त्या व्यवहारात होता, त्याने त्याच काळात, कामाच्या गरजेपोटी लिहिलेला कागद तो अस्सल. पत्र, हिशेब, रोजकीर्द, हुकूम, बातमीपत्र हे त्यात आले. बखर आणि कैफियत नंतर, आठवणीवरून व बहुधा कोणाची तरी बाजू मांडण्यासाठी लिहिलेली असते. ती टाकाऊ नसते, पण तिचा दर्जा वेगळा. इंग्रजीत ज्यांना प्राथमिक साधने म्हणतात ती हीच.

हडपसरच्या लढाईपुरते बोलायचे तर पुण्यातील इंग्रज रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज याने त्या आठवड्यात कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्लीला आणि मुंबईला गव्हर्नर जोनाथन डंकनला पाठवलेली पत्रे अस्सल होत. पटवर्धन सरदारांच्या माणसांनी आपल्या धन्यांना लिहिलेली पत्रे अस्सल होत. उलट ग्रँट डफचा १८२६ सालचा प्रसिद्ध इतिहास अस्सल साधन नव्हे. डफने अस्सल कागद पाहिले, जिवंत माणसांना विचारले, हे खरे. पण तो लढाईनंतर चोवीस वर्षांनी, पेशवाई बुडाल्यावर, ती बुडवणाऱ्यांच्या बाजूने लिहीत होता.

ही वर्गवारी मुलांकडून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्यांना प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारू द्यावेत : कोणी लिहिले, केव्हा, कोठे बसून, कोणासाठी? यातला तिसरा प्रश्न आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो. त्याकडे पुढे येऊच.

कागद आहेत कोठे

इंग्रजी बाजूचे कागद सापडणे सोपे. मुंबई सरकारने १९३६ पासून 'पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स' या नावाने रेसिडेंटांच्या पत्रव्यवहाराचे खंड छापले. यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई हे त्या मालेचे प्रमुख संपादक. क्लोजच्या कारकिर्दीचा आणि वसईच्या तहाचा पत्रव्यवहार या मालेत आहे. हे खंड 'इंटरनेट आर्काइव्ह' या १९९६ साली सुरू झालेल्या मुक्त ग्रंथसंग्रहात पूर्ण पाहता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली 'अभिलेख पटल' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर नाव नोंदवले की कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या गुप्त व राजकीय कामकाजाची सूची आणि अनेक मूळ पानांची छायाचित्रे दिसतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. 'बॉम्बे गॅझेटियर'चा पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड (तीन भाग, १८८५) महाराष्ट्र सरकारच्या दर्शनिका विभागाने संगणकावर आणला आहे. तो अस्सल साधन नव्हे, पण गावांची नावे, रस्ते आणि जुन्या प्रवाशांचे उल्लेख यांची वाट दाखवायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे पुस्तक नाही.

मराठी बाजू अवघड. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद, बहुतेक सर्व मोडीत. त्यातून निवडून सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' ही ४५ भागांची माला काढली. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. या दोन्ही माला बालबोधीत छापलेल्या आहेत आणि त्यांच्या प्रतीही संगणकावर आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाचा (स्थापना १९१०) आणि गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा उल्लेखही येथेच करायला हवा. पुण्यातल्या शाळेला ही दोन्ही ठिकाणे बसने गाठता येतील अशी आहेत.

शब्द त्यांचा, प्रश्न आपला

संगणकावरची सूची कशी चालते हे कळले की तिच्याशी बोलणे सोपे जाते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते : शब्द, आणि तो ज्या पानांवर आला त्यांचे आकडे. डेटाबेस आतून असाच असतो. तो अर्थ जाणत नाही, शब्द जुळवतो. आता शोध घेणाऱ्या खिडक्या हुशार झाल्या आहेत, समानार्थी शब्द सुचवतात, हे मान्य. तरी दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे स्पेलिंग त्यांना दर वेळी उमजेल असे नाही.

पहिला अडथळा नावाचाच. आपण म्हणतो हडपसरची लढाई. इंग्रजी पुस्तकांत हिचे नाव 'पुण्याची लढाई' आहे. दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर. मराठी माणसाला पुणे म्हणजे कसबा, शनिवार, बुधवार या पेठा. लढाई झाली ती शहराबाहेर दोन कोसांवर, म्हणून तिला त्या गावाचे नाव. कलकत्त्याच्या कचेरीला मात्र पुणे म्हणजे पेशव्याचा दरबार. रणांगण हडपसरला असो की वानवडीला, बातमी 'पुण्याची'. तेव्हा इंग्रजी सूचीत केवळ 'हडपसर' शोधणारा मुलगा रिकाम्या हाताने परत येतो आणि 'काही मिळाले नाही' असे लिहितो, तर मराठीत 'पुण्याची लढाई' शोधणाऱ्यापुढे भलतेच काहीतरी येते.

दुसरा अडथळा स्पेलिंगचा. इंग्रज कारकून कानाला ऐकू आले तसे लिहीत. आपल्या 'ड'चा त्यांच्याकडे कित्येकदा 'र' होतो. खडकीचे 'किर्की' झाले ते याच चालीने. म्हणून हडपसर शोधताना 'डी'च्या जागी 'आर' घालून आणि 'ए'च्या जागी 'यू' घालून पाहावे. यशवंतराव 'जसवंत' किंवा 'जेस्वंत' होतो. शिंदे 'सिंदिया' होतात आणि त्याचे स्पेलिंग कधी 'एस-सी'ने सुरू होते, शेवटी कधी 'एच' लागतो. पेशवा या शब्दात 'ई' आणि 'आय' शेजारी बसतात. वसई तर 'बेसीन' असल्याशिवाय सापडतच नाही. वर्गात यासाठी एक मोठा तक्ता करून लावावा : डावीकडे आपला शब्द, उजवीकडे मिळतील तशी त्याची इंग्रजी रूपे. तक्ता वर्षभर वाढत राहील. मुलांना यात गंमत वाटते आणि भाषेच्या तासालाही तो उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट यंत्राच्या वाचनाची. छापील पानाचे छायाचित्र घेतले म्हणजे त्यातले शब्द शोधता येतात असे नाही. ते छायाचित्र वाचून अक्षरे ओळखणारी आज्ञावली त्यावर चालवावी लागते. रोमन लिपीत अक्षरे सुटी उभी असतात, त्यामुळे त्यांना वेगळे करणे सोपे. देवनागरीत शिरोरेषेने सगळा शब्द एकत्र बांधलेला, वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. त्यात शंभर वर्षांपूर्वीचा झिजलेला टाइप आणि पिवळा कागद. 'होळकर' या शब्दाचे यंत्राने काहीतरी भलतेच वाचलेले असते, आणि मग तो शब्द पानावर डोळ्यांना ठळक दिसत असूनही शोधात येत नाही. मोडीची तर गोष्टच वेगळी. हात न उचलता सलग लिहिलेली ओळ, शब्दांमध्ये जागा नाही. मोडी वाचण्यात यंत्र अजून माणसाची जागा घेऊ शकलेले नाही.

याचा परिणाम लक्षात घ्या. इंग्रजी खंडांत शब्द टाकला की पान उघडते. मराठी खंडांत अनुक्रमणिका उघडून, तारखा पाहत, पाने उलटावी लागतात. वेळ थोडा असला की कोणीही पहिलाच मार्ग धरणार. मग हडपसरच्या मुलांनी लिहिलेला हडपसरचा इतिहास संगमावरच्या बंगल्यात बसलेल्या कर्नल क्लोजच्या डोळ्यांनी पाहिलेला होतो. तसा कोणाचा हेतू नसतो. शोधण्याची सोय जिकडे, तिकडे इतिहास कलतो, इतकेच.

एक दिवस, तीन तारखा

यावर चांगला उपाय म्हणजे शब्दाऐवजी तारखेने शोधणे. नावाची दहा रूपे होतात, दिवस एकच असतो. मात्र तो दिवस त्या काळच्या माणसाच्या भाषेत मांडता यायला हवा.

क्लोजच्या पत्रावर २५ ऑक्टोबर १८०२ असेल. शकाने तोच दिवस शके १७२४, दुंदुभीनाम संवत्सर, आश्विन वद्य चतुर्दशी. म्हणजे नरकचतुर्दशी. पुण्यात त्या पहाटे अभ्यंगस्नाने झाली असतील आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. पेशव्यांच्या दप्तरी कागदांत मात्र बहुधा तिसरीच तारीख असते : सुरसन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र. हा दिवस सुमारे २७ वा चंद्र, जमादिलाखर, सुरसन सलास मयातैन व अलफ.

शेवटचे शब्द पाहून घाबरू नये. हे अरबी आकडे आहेत. सलास म्हणजे तीन, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. बेरीज १२०३. सुरसन मृगाच्या सुमारास बदलतो. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. १२०३ आणि ५९९ मिळून १८०२. चंद्राची तारीख प्रत्यक्ष चंद्रदर्शनावर असल्याने गणिताने काढलेल्या तारखेत आणि कागदावरच्या तारखेत एखाद्या दिवसाचे अंतर पडते. त्यासाठी जंत्री वापरतात. शिवकाळासाठी खरे यांची आणि पेशवाईच्या काळासाठी मोडकांची जंत्री अभ्यासकांच्या टेबलावर असते. गणिताच्या शिक्षकांनी हे काम आनंदाने हाती घ्यावे. अधिक महिना, चांद्र व सौर वर्षांतला फरक, अमावास्या आणि चंद्रदर्शन यांच्यामधले तास असे सगळे विषय त्यात येतात.

इंग्रजी दप्तरात तारखेचा आणखी एक सापळा आहे. पत्रे लिहिल्या तारखेला नव्हे, तर कलकत्त्याच्या ज्या बैठकीत ती वाचली गेली त्या बैठकीच्या तारखेखाली लावलेली असतात. पुण्याहून कलकत्त्याला टपाल जायला आठवडे लागत, बैठकीत विषय यायला आणखी वेळ. तेव्हा ऑक्टोबर १८०२ चे पत्र सूचीत डिसेंबरात किंवा १८०३ सालातही असू शकते. शोधाची चौकट २५ ऑक्टोबरपाशी बंद केली तर नेमके हवे ते पत्र बाहेर राहते. निदान सहा महिने पुढेपर्यंत पाहावे.

चार उतारे, एक साक्षीदार

आता समजा, नीट शोधल्यावर मुलांना लढाईबद्दल क्लोजचे एकच वृत्त चार ठिकाणी मिळाले : पुणे रेसिडेन्सीच्या छापील खंडात, मुंबई सरकारच्या दप्तरात, दिल्लीच्या अभिलेख पटलावर आणि लंडनच्या सूचीत. पडद्यावर चार ओळी दिसतात. चार स्वतंत्र पुरावे एकच गोष्ट सांगत आहेत, मग ती खरीच असली पाहिजे, असा निष्कर्ष विज्ञान शिकणाऱ्या मुलाला साहजिक वाटेल. प्रयोग चारदा केला आणि उत्तर तेच आले, असा त्याचा हिशेब.

पण ही चार मोजमापे नाहीत, एकाच मोजमापाच्या चार नकला आहेत. कंपनीच्या कारभारात प्रत्येक महत्त्वाच्या पत्राच्या प्रती होत. एक पाठवणाऱ्याकडे राही, एक मुंबईस, एक कलकत्त्यास, आणि तेथून एक जहाजाने विलायतेस जाई. पुढे यांतलीच काही पत्रे पार्लमेंटपुढे ठेवण्यासाठी छापली गेली, ती निवडून, कारण वेलस्लीच्या धोरणावर तेथे वाद चालू होता. मग डफने वापरली, डफवरून गॅझेटियरने घेतले, गॅझेटियरवरून कोणी कोणी. होळकरांकडे चौदा कवायती पलटणी होत्या हा डफचा आकडा आज शेकडो ठिकाणी मिळतो. शेकडो ठिकाणी मिळतो म्हणून तो शेकडोपट पक्का होत नाही.

माझ्या मते डेटाबेस वापरायला शिकवताना सगळ्यांत आधी हेच शिकवावे. मुलांना मिळालेले सारे उल्लेख एका मोठ्या कागदावर मांडायला सांगावेत आणि कोणी कोणावरून घेतले त्याचे बाण काढायला लावावेत. वंशावळीसारखे चित्र तयार होते. वीस उल्लेखांच्या मुळाशी बहुधा दोन किंवा तीन साक्षीदार निघतात.

त्यातला एक नमुना पाहा. लढाईनंतर यशवंतरावांनी क्लोजला भेटीस बोलावले. क्लोजने त्यांना एका लहानशा तंबूत, घोट्याइतक्या चिखलात पाहिले. त्यांना भाल्याची जखम होती आणि डोक्यावर एका गोलंदाजाने केलेला तलवारीचा वार होता. हे चित्र अनेक पुस्तकांत येते. ते लॉर्ड व्हॅलेंशिया या इंग्रज उमरावाच्या १८०९ साली छापलेल्या प्रवासवर्णनापर्यंत मागे नेता येते. व्हॅलेंशिया लढाईच्या वेळी पुण्यात नव्हता, नंतर येऊन गेला. म्हणजे क्लोजचे सांगणे, ते ऐकणाऱ्याचे लिहिणे, मग छापणे. तरी या वर्णनात एक गोष्ट तपासता येण्यासारखी आहे. गोलंदाजाने जवळून वार केला म्हणजे यशवंतराव स्वतः तोफांपर्यंत घुसले होते. मोडत आलेली फौज सावरून त्यांनी जातीने शिंद्यांच्या तोफांवर घोडी घातली, ही हकीकत दुसरीकडेही येते. दोन्ही उल्लेख वेगवेगळ्या मुळांपासून आलेले आहेत का, हे बाणांच्या चित्रावरून ठरवता येते. तसे असतील तरच एकाने दुसऱ्याला बळ येते.

कोठे बसून

रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती. तेथून हडपसर सरळ रेषेत सात-आठ किलोमीटर. मध्ये शहराचा भाग, झाडी आणि चढउतार. क्लोज आणि त्याचा तेव्हाचा तरुण मदतनीस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना लढाईचे काय कळत असेल?

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर आठ किलोमीटरवरच्या तोफेचा आवाज संगमावर साडेतेवीस सेकंदांनी पोचतो. तोफांचा गडगडाट ऐकू येणार, तो कोणत्या दिशेने येतो आहे आणि थांबला केव्हा हेही कळणार. पण कोणाची पलटण कोणत्या नाल्याकाठी मोडली हे आवाजावरून कळत नाही. ते त्याला दुपारनंतर माणसांकडून कळले असणार : हरकारे, पळून आलेले शिपाई, दोन्ही बाजूंचे गोरे अंमलदार. होळकरांकडे हार्डिंग आणि शिंद्यांकडे डॉज हे कवायती पलटणींवरचे गोरे अधिकारी या लढाईत पडले, ही बातमी इंग्रज पत्रांत ठळक येते. हजारो देशी शिपायांपैकी एकाचेही नाव येत नाही. क्लोजने काही लपवले असा याचा अर्थ नव्हे. ज्याची चौकशी त्याने केली, तेच त्याच्या पत्रात उतरले.

क्लोज आणखी एका अर्थाने तटस्थ नव्हता. त्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, बाजीरावाच्या कारभाऱ्याने इंग्रजांची तैनाती फौज ठेवण्यास संमती देणारा मसुदा त्याच्या हाती दिला होता. जे कंपनीला कित्येक वर्षे हवे होते ते त्याच्या टेबलावर आले होते आणि ते देणारा पेशवा पळत होता. पत्रातले प्रत्येक वाक्य हे ध्यानात ठेवून वाचावे लागते.

भूगोलाच्या शिक्षकांना येथे नकाशावर काम देता येईल. संगम, पर्वती, वानवडीची शिंदे छत्री, घोरपडी आणि हडपसर ही पाच ठिकाणे नकाशावर मांडावीत. कोणत्या ठिकाणाहून काय दिसले असते, उंचसखलपणाच्या रेषा काय सांगतात, हे मुलांनी ठरवावे. मग हाती आलेले प्रत्येक वृत्त यांपैकी कोठे बसून लिहिले गेले ते तेथे टाचणीने टोचावे.

नोंद ठेवण्याचे तंत्र

प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण लिहितो तशी शोधवही ठेवावी. तारीख, कोणता डेटाबेस, कोणते शब्द किंवा कोणती मुदत टाकली, किती नोंदी आल्या, त्यांतल्या किती उघडून वाचल्या. काही मिळाले नाही तर तेही लिहावे. 'या शब्दाने, या सूचीत, या दिवशी काही मिळाले नाही' हे एक निरीक्षण आहे. 'कागद अस्तित्वात नाही' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

उपयोगी पानाची खूण उतरवताना केवळ संकेतस्थळाचा पत्ता लिहून भागत नाही. खाते, वर्ष, बैठकीची तारीख, कागदाचा क्रमांक, छापील खंड असेल तर भाग व पान असे सगळे लिहावे. पत्ते बदलतात, कधी सगळेच बंद पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला तेव्हा तिची सूची कित्येक आठवडे जगभर कोणालाच दिसत नव्हती. ज्यांच्या वहीत कागदाचे क्रमांक होते त्यांचे काम निदान पूर्ण अडले नाही.

सूचीत न येणारे हडपसर

लढाई झाली ती कोणाच्या तरी शेतांत. आश्विनात ज्वारी उभी असते. हजारो घोडी, तोफांचे गाडे आणि बाजारबुणगे त्यातून गेले. होळकरी फौज त्यानंतर बरेच महिने या मुलखात होती. १८०३-०४ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, त्याला पाऊस जसा कारण होता तशी फौजांची ही वर्दळही. हडपसरच्या कुणब्याचे काय झाले हे क्लोज लिहीत नाही, पटवर्धनांचे कारकूनही लिहीत नाहीत. छापलेल्या निवडक कागदांतही, संपादकांचा बराच भर राजकारण आणि मोहिमांवर असल्याने, हे क्वचित दिसते.

हे ज्या कागदांत सापडावे ते गावचे हिशेबी कागद आहेत. पेशवे दप्तरात 'प्रांत अजमास, पुणे' अशा नावाचे रुमाल आहेत, त्यांत गावोगावच्या वसुलाचे ताळेबंद आणि झाडे असतात. फौजेच्या पायमल्लीमुळे दिलेली सूट, ओस पडलेल्या जमिनीवर पुन्हा लागवड व्हावी म्हणून दिलेला कौल, गाव सोडून गेलेल्या कुळांचा उल्लेख असे तपशील अशा कागदांत येतात. मराठी कागदपत्रांवरून हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने अठराव्या शतकातल्या दख्खनच्या गावगाड्यावर नावाजलेले लेखन केले. जपानहून येऊन जे जमते ते हडपसरहून जमायला हरकत नसावी. मात्र संगणकाच्या खिडकीत 'हडपसर दुष्काळ' टाकून हे कागद येत नाहीत, कारण त्यांची पानवार सूचीच झालेली नाही.

त्यासाठी दोन-तीन शिक्षकांनी पुणे पुराभिलेखागारात रीतसर अर्ज करून जावे. बरोबर मोडी वाचणारा कोणी असावा. पुण्यात मोडीचे वर्ग होतात, त्यातले विद्यार्थी अशा कामाला बहुधा आनंदाने येतात. तेथे मागणी लिहिताना 'हडपसरच्या लढाईचे कागद' असे लिहू नये. त्या काळच्या पत्त्याने मागावे : मौजे हडपसर, तर्फ हवेली, प्रांत पुणे. आणि साल एकच मागू नये. सुरसन १२०२ चा ताळेबंद, म्हणजे लढाईच्या आदल्या वर्षीचा, आणि १२०३, १२०४ व १२०५ चे, असे चार शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात लागवडीखाली किती बिघे होते, दुसऱ्यात किती राहिले, सूट किती पडली आणि चौथ्यात किती कुळे परत आली, हे आकडे एकाखाली एक लिहायला नववीतल्या मुलांनाही येते.